कर्झनसाहेबांनीं बदललेला शब्द

माँटेग्यूसाहेबांची २० ऑगस्ट १९१७ ची घोषणा वाचतांना आम्हांस नेहमीं कर्झनसाहेब आठवतात. मसुद्यांत ‘सेल्फ-गव्हर्न्मेंट’ म्हणजे स्वराज्य हा शब्द होता. मंत्रिमंडळांत तो खटकला. तेव्हां कर्झननीं त्याजागीं ‘रिस्पॉन्सिबल गव्हर्न्मेंट’, म्हणजे जबाबदार राज्यपद्धति, हे शब्द घातले. दिसण्यांत सौम्य खरे. पण विलायतेंतील राज्यव्यवहारांत जबाबदारी म्हणजे कायदेमंडळाचा विश्वास उडतांच मंत्र्यांनीं खुर्ची सोडणें! आमच्या मतें हें वचन मूळच्याहून जड होतें. १९१९ च्या कायद्यानें प्रांतांतील कांहीं खातीं अशा मंत्र्यांच्या हातीं आलीं. फेब्रुवारी १९२४ मध्यें मात्र होम मेंबर सर माल्कम हेली मध्यवर्ती कायदेमंडळांत सांगूं लागले कीं, जबाबदार राज्यपद्धति म्हणजे वसाहतींचें पूर्ण स्वराज्य नव्हे. त्याच महिन्यांत मोतीलाल नेहरूंनीं कर्झनच्याच शब्दांस ‘पूर्ण’ हें विशेषण जोडून गोलमेज परिषदेची मागणी बहुमतानें संमत करून घेतली.