सौदा आणि हप्ता : भारतातील मोटारखरेदीच्या व्यवहाराचा इतिहास

भारतातील मोटारउद्योगाचा इतिहास बहुतांशी कारखाने, परवाने आणि यंत्रज्ञान यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. गाडी ज्या व्यवहारातून गिऱ्हाइकाच्या हाती येते, त्या व्यवहाराकडे, म्हणजे विक्रेत्याशी होणारी किमतीची घासाघीस, कर्जाची जुळवाजुळव, हप्त्यांची बांधणी आणि कर्ज फिटेपर्यंत गाडीवर राहणारा सावकाराचा हक्क यांच्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. या व्यवहाराचा शंभर वर्षांचा प्रवास तपासला, तर गिऱ्हाइकाच्या वाक्चातुर्यावर सौद्याचा निकाल क्वचितच लागला, असे दिसते. गिऱ्हाइकासमोर पर्याय किती होते आणि व्यवहाराची खरी किंमत त्याला कितपत कळत होती, यावरच तो निकाल ठरत आला, आणि या दोन्ही गोष्टी बाजारापेक्षा कायद्याने आणि सरकारी धोरणाने अधिक घडवल्या.

स्वातंत्र्यापूर्वीच्या काळात मोटार ही आयात होणारी चैनीची वस्तू होती. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या बंदरांतील एजन्सी कंपन्या विलायती आणि अमेरिकी गाड्या विकत, आणि संस्थानिक, बडे व्यापारी, वकील व डॉक्टर हे त्यांचे गिऱ्हाईक असे. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे सुटे भाग जोडून गाड्या तयार करण्याचा कारखाना सुरू केल्यावर पुरवठा वाढला. अमेरिकेत याच कंपनीने १९१९ मध्येच आपल्या गाड्यांच्या खरेदीसाठी स्वतंत्र कर्जकंपनी काढली होती आणि मध्यमवर्गीय माणसाला हप्त्याने गाडी घेण्याची सवय लावली होती. भारतात मात्र हप्त्याची पद्धत रुजली ती मुख्यतः लॉरी आणि बस यांच्या व्यवसायात, कारण कमाई करून देणाऱ्या वाहनाच्या उत्पन्नातून हप्ता फेडला जाईल, असा भरवसा कर्ज देणाऱ्याला वाटत होता. १९३० मध्ये दिल्लीत मोटार अँड जनरल फायनान्स आणि १९५४ मध्ये मद्रासमध्ये टी. एस. संतानम यांनी स्थापन केलेली सुंदरम फायनान्स या कंपन्या याच भरवशावर उभ्या राहिल्या.

या कंपन्यांनी स्वीकारलेला करार इंग्लंडमधून आलेल्या ‘हायर पर्चेस’ म्हणजे भाडेखरेदीचा होता. या करारात वस्तूची मालकी देणाऱ्याकडेच राहते, घेणारा ती भाड्याने वापरतो आणि शेवटचा हप्ता भरल्यावर नाममात्र रकमेत ती विकत घेण्याचा पर्याय त्याला मिळतो. या कराराचा कायदेशीर पाया १८९५ मधील ‘हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज’ या खटल्यात पक्का झाला. हप्त्यावर घेतलेला पियानो एका भाडेकऱ्याने हप्ते पुरे होण्यापूर्वीच गहाण टाकला होता. त्याने वस्तू विकत घेण्याचे बंधन पत्करलेलेच नसल्यामुळे ती गहाण टाकण्याचा त्याला अधिकार नव्हता, असे ठरवून हाउस ऑफ लॉर्ड्सने मूळ मालकाचा हक्क मान्य केला. वस्तू फिरती, सहज लपवता येण्याजोगी आणि वापराने झिजणारी असेल, तर तिच्यावर कर्ज देणाऱ्याला याहून भक्कम आधार मिळणे कठीण होते. लॉरीच्या धंद्याला हा करार चपखल बसला.

कागदावर मालक असलेली फायनान्स कंपनी प्रत्यक्षात वाहनांचा व्यापार करत नाही, तर पैसे उसने देते, ही गोष्ट मात्र न्यायालयांच्या नजरेतून सुटली नाही. १९६६ मध्ये सुंदरम फायनान्स आणि केरळ राज्य यांच्यातील विक्रीकराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या शब्दांपलीकडे जाऊन व्यवहाराचे स्वरूप पाहिले. गिऱ्हाइकाने स्वतः निवडलेल्या वाहनासाठी कंपनी केवळ पैसा पुरवत असेल, तर तो वाहनाच्या तारणावरील कर्जाचा व्यवहार आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला. पुढे १९८२ च्या सेहेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने भाडेखरेदीच्या करारान्वये दिलेल्या वस्तूवर विक्रीकर बसवण्याचा अधिकार राज्यांना मिळाला, आणि नजरगहाणाच्या म्हणजे हायपोथिकेशनच्या कर्जाची वाट अधिक सोयीची ठरू लागली. नजरगहाणात गाडीची मालकी आणि ताबा दोन्ही कर्जदाराकडे असतात, परंतु कर्ज फिटेपर्यंत तिच्यावर सावकाराचा बोजा राहतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ ने भाडेखरेदी, लीज आणि नजरगहाण या तिन्हींची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे बोलीभाषेतील आरसी बुकावर, करण्याची तरतूद केली. आरटीओच्या आवारात ‘एचपी चढवणे’ आणि ‘एचपी उतरवणे’ हे शब्द आजही रूढ आहेत. कर्ज फिटल्यावर बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ दाखल करून बोजा उतरवला नाही, तर गाडी विकताना मालकाची अडचण होते, ती याच नोंदीमुळे.

कर्जाची ही चौकट तयार होत असताना खाजगी मोटारीच्या गिऱ्हाइकाला तिचा फारसा लाभ मिळाला नाही, कारण त्याला मुळात गाडीच मिळत नव्हती. १९५३ मध्ये टॅरिफ आयोगाने केवळ जोडणी करणाऱ्या कंपन्यांना यापुढे वाव देऊ नये, अशी शिफारस केली आणि जनरल मोटर्स व फोर्ड भारतातून निघून गेल्या. त्यानंतर प्रवासी मोटारींचा बाजार मुख्यतः तीन कंपन्यांच्या हाती राहिला : बंगालमध्ये उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली, मुंबईत कुर्ल्याला फियाट गाड्या बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स. मागणीच्या मानाने उत्पादन इतके अपुरे होते की सरकारने १९५९ मध्ये मोटारींच्या वाटपावर आणि १९६९ मध्ये किमतींवर नियंत्रण आणणारे आदेश काढले. उत्पादकांनी किंमत नियंत्रणाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि गाडीच्या उत्पादनखर्चाचा हिशेब तपासण्यासाठी आयोग नेमावा लागला. अॅम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड यांची वाजवी किंमत किती, हा प्रश्न दुकानात न सुटता दिल्लीत न्यायमूर्तींसमोर मांडला गेला, यातच त्या काळचे वेगळेपण आहे.

या व्यवस्थेत गिऱ्हाइकाला घासाघीस करण्यास जागाच उरली नव्हती. पोस्टाच्या बचत खात्यात ठरावीक रक्कम ठेवून नाव नोंदवायचे, वर्षानुवर्षे क्रमांक येण्याची वाट पाहायची आणि गाडी आली की जो रंग हाती येईल तो घ्यायचा, अशी रीत पडली. किमतीला अधिकृत कुलूप लागले, तसा सौदा दुकानाबाहेर गेला. नोंदणीचा क्रमांक लागलेला माणूस तोच खरा विक्रेता बनला, आणि नव्या गाडीवर ‘ऑन’ म्हणजे छापील किमतीवरची वरकड रक्कम मागितली जाऊ लागली. पुण्याजवळ आकुर्डीला बनणाऱ्या बजाज स्कूटरच्या बाबतीत ही स्थिती अधिक तीव्र होती, कारण स्कूटर ही मध्यमवर्गाच्या आवाक्यातली वस्तू असल्याने रांगही त्या प्रमाणात लांब होती. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला स्कूटर लवकर मिळत असल्याने आखाती देशांत नोकरीला गेलेल्या नातलगाची मदत घेऊन अनेक कुटुंबांनी रांग टाळली. ज्याची उणीव होती ती वस्तू ज्याच्या हाती, त्याच्याच बाजूने सौदा झुकतो, हे या काळाने निर्विवादपणे दाखवून दिले.

एका विक्रेत्याकडून दुसऱ्याकडे जाऊन दर विचारण्याची वाटही बंद होती. उत्पादक आपल्या प्रत्येक डीलरला विशिष्ट प्रदेश नेमून देत आणि त्या हद्दीबाहेर विक्री करण्यास मनाई करत. टेल्कोच्या व्यापारी वाहनांच्या बाबतीत ही अट स्पर्धेला मारक आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा १९७७ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. वाहनांची टंचाई असताना त्यांचे देशभर समतोल वाटप व्हावे आणि सर्वत्र दुरुस्तीची सोय राहावी, यासाठी हद्दी आवश्यक आहेत, असे त्यामागचे कारण होते. तत्कालीन परिस्थितीत ते सयुक्तिक होते. परंतु त्याचा अर्थ असाही होता की, जोवर टंचाई आहे तोवर गिऱ्हाइकाच्या निवडीला दुय्यम स्थान राहणार.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, पण रांग लगेच संपली नाही. १०,००० रुपये अनामत भरून एक लाखाहून अधिक लोकांनी नाव नोंदवले, आणि नव्या गाडीलाही ‘ऑन’चा रोग जडला. या टंचाईतूनच आधुनिक मोटारकर्जाचा एक महत्त्वाचा धागा निघाला. १९९० च्या सुमारास मुंबईच्या कोटक महिंद्र या वित्तकंपनीने मोटारकर्जाच्या व्यवसायात उतरताना आधी मोठ्या संख्येने गाड्या स्वतःच्या नावे नोंदवल्या आणि आपल्याकडून कर्ज घेणाऱ्याला वरकड रकमेशिवाय तत्काळ गाडी देऊ केली. गाडी मिळवून देण्याचे काम कर्जाने केले, आणि रांगेची जागा हप्त्याने घेतली. १९९३ मध्ये मोटारउद्योग परवान्यातून मुक्त झाला, तर १९९४ मध्ये रिझर्व्ह बँकेने दोन लाखांवरील कर्जाचे दर ठरवण्याची मोकळीक बँकांना दिली. १९९८ मध्ये सँट्रो, मॅटिझ आणि पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका या गाड्या मारुतीसमोर उभ्या ठाकल्या, तेव्हा चार दशकांत प्रथमच सर्वसामान्य गिऱ्हाइकाला दोन शोरूममधली कोटेशने शेजारी ठेवून बोलणी करता आली.

स्पर्धेने गाडीच्या किमतीत सवलत मिळू लागली, तसा सौद्याचा गाभा किमतीतून कर्जात सरकला. दर्शनी म्हणजे एक्स-शोरूम किमतीत रस्ताकर, नोंदणी आणि विमा मिळवून ‘ऑन-रोड’ किंमत बनते. या बेरजेखेरीज डीलरला कर्ज मिळवून देण्याबद्दल वित्तकंपनीकडून, तसेच विम्याच्या व्यवहारातूनही मोबदला मिळू शकतो, त्यामुळे एका बाजूला दिलेली सूट दुसऱ्या बाजूने भरून निघते. या गुंतागुंतीत सर्वाधिक दिशाभूल करणारी गोष्ट म्हणजे ‘फ्लॅट’ दर, म्हणजे फेडलेल्या मुद्दलाची वजाबाकी न करता पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर आकारलेले व्याज. पाच लाख रुपये पाच वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅट दराने घेतले, तर व्याज १,७५,००० रुपये आणि मासिक हप्ता ११,२५० रुपये होतो. परंतु दरमहा मुद्दल कमी होत जाते हे लक्षात घेऊन घटत्या शिलकीवर हिशेब मांडला, तर हाच दर सुमारे साडेबारा टक्के निघतो. त्यातच पहिला हप्ता आगाऊ घेतला, तर दर आणखी चढतो. हप्ता परवडतो का, एवढाच प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला ही तफावत दिसत नाही, कारण मुदत लांबवली की हप्ता उतरतो आणि व्याजाची एकूण रक्कम वाढते.

ही तफावत उघड करण्याचा विचार भारतीय कायद्याला फार पूर्वी सुचला होता. विधी आयोगाने १९६१ मध्ये भाडेखरेदीवर स्वतंत्र अहवाल दिला आणि त्यातून १९७२ चा भाडेखरेदी कायदा संमत झाला. त्यानुसार करारात वस्तूची रोखीची किंमत आणि हप्त्याने पडणारी किंमत या दोन्ही लिहिणे बंधनकारक होते, आणि किमतीचा ठरावीक हिस्सा फेडल्यानंतर वस्तू परत घ्यायची झाल्यास मालकाला न्यायालयात जावे लागणार होते. हा कायदा लागू करण्याची तारीख जाहीर झाली, पण नंतर ती मागे घेतली गेली. कायदा कधीच अमलात आला नाही आणि २००५ मध्ये तो रद्द झाला. त्याच्या अभावाची किंमत हप्ते थकलेल्या कर्जदारांनी मोजली. रस्त्यात गाडी अडवून ती बळाने ओढून नेण्याचे प्रकार इतके वाढले की वसुलीसाठी दांडगटांचा वापर करण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कडक ताशेरे ओढले, २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांसाठी नियम घातले, आणि करारात ताबा घेण्याचा हक्क असला तरी बळजबरी करता येणार नाही, हे न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा बजावले.

सवलतीचे स्वातंत्र्यही निर्वेध नव्हते. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. या प्रकरणाचा उगम मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा या विभागातील डीलर म्हणवणाऱ्याच्या निनावी तक्रारीत होता. ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक सूट देण्यास डीलरांना मनाई केली जाई आणि कोणी अधिक सूट देतो का, हे पाहण्यासाठी गिऱ्हाईक बनून माणसे पाठवली जात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील केले. १९७७ चा निकाल टंचाईतील वाटपाच्या तर्कावर उभा होता, तर मुबलकतेच्या काळात सवलतीवर मर्यादा घालणे स्पर्धेला घातक ठरते, असे आयोगाने मानले. या दोन निर्णयांमधील अंतर म्हणजेच भारतीय गिऱ्हाइकाच्या बदललेल्या स्थानाचे माप आहे.

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत सर्व शुल्कांसह वार्षिक खर्चाचा टक्का सांगणारे मुख्य तथ्य विवरण देणे रिझर्व्ह बँकेने कर्जदात्यांवर बंधनकारक केले. १९७२ च्या कायद्यातील व्यवहाराची खरी किंमत लेखी सांगण्याची कल्पना अशा रीतीने बावन्न वर्षांनी वेगळ्या रूपात प्रत्यक्षात आली. तिचा विलंब हा केवळ प्रशासकीय दिरंगाईचा तपशील नाही. त्या काळात हप्त्याने वाहन घेतलेल्या ट्रकचालकांपासून नोकरदारांपर्यंतच्या असंख्य कुटुंबांनी आपण किती व्याज देत आहोत हे न कळता सौदा केला. म्हणून या व्यवहाराच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, गिऱ्हाइकाला घासाघीस करायला शिकवण्यापेक्षा त्याला निवडीसाठी दोन दुकाने आणि वाचण्यासाठी एक खरा आकडा देणे अधिक न्याय्य आणि परिणामकारक ठरते, आणि या दोन गोष्टी जिथे उपलब्ध झाल्या, तिथेच गिऱ्हाईक विक्रेत्यासमोर बरोबरीच्या नात्याने बसू शकला.