होमोसिस्टीन आणि रक्तवाहिन्यांचा विकार : एका गृहीतकाचा इतिहास

विसाव्या शतकातील हृदयविकाराचा इतिहास बहुधा कोलेस्टेरॉलभोवती लिहिला गेला. त्याच काळात होमोसिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाविषयीचे एक गृहीतक आधी उपेक्षित राहिले, पुढे डोक्यावर घेतले गेले आणि अखेर प्रयोगांच्या कसोटीवर अंशतःच उतरले. प्रस्तुत लेखात त्या प्रवासाचा मागोवा घेतला आहे.

विन्सेंट द्यु विन्यो यांनी 1932 मध्ये मेथिओनीनपासून हा पदार्थ मिळविला. तीस वर्षे तो रसायनशास्त्रज्ञांपुरताच राहिला. 1962 मध्ये बेलफास्ट येथे काही मतिमंद मुलांच्या लघवीत तो आढळला आणि होमोसिस्टिन्युरिया हा आनुवंशिक विकार ज्ञात झाला. या विकाराच्या रुग्णांत लहान वयातच रक्ताच्या गुठळ्या होतात.

बॉस्टन येथील विकृतिशास्त्रज्ञ किल्मर मॅककली यांचे लक्ष एका जुन्या नोंदीकडे गेले. आठ वर्षांचा एक मुलगा पक्षाघाताने दगावला होता व त्याची हकीकत 1933 मध्ये प्रसिद्ध झाली होती. पुढे त्याच्या नात्यातील एका मुलीस होमोसिस्टिन्युरिया असल्याचे निदान झाले. मॅककली यांनी मुलाच्या जतन केलेल्या ऊतींची पुन्हा तपासणी केली, तेव्हा रोहिण्यांच्या भित्तिका वृद्ध माणसासारख्या जाड झालेल्या दिसल्या. एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. निर्णायक ठरले ते दुसरे शवविच्छेदन. दोन महिन्यांच्या एका बाळात निराळाच विकर बिघडला होता आणि मेथिओनीनचे प्रमाण वाढलेले नव्हते. तरीही रोहिण्यांची हानी तशीच होती. दोन्ही मुलांत समान होते ते केवळ वाढलेले होमोसिस्टीन. हे द्रव्यच रोहिण्यांना इजा करते आणि सर्वसामान्य माणसाच्या धमनीकाठिण्यातही त्याचा वाटा असावा, असा निष्कर्ष त्यांनी 1969 मध्ये मांडला.

कोलेस्टेरॉलच्या त्या काळात या मताकडे फारसे कोणी वळले नाही. दशकाअखेर मॅककली यांना हार्वर्ड सोडावे लागले. ही कथा पुष्कळदा उपेक्षित द्रष्ट्याची म्हणून सांगितली जाते. परंतु दोन बालकांवरून साऱ्या समाजाविषयी काढलेले अनुमान तेव्हा धाडसाचेच होते, हेही विसरता येत नाही.

1992 मध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या दीर्घ पाहणीत होमोसिस्टीन अधिक असणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके अधिक आढळले आणि वारे फिरले. रक्तवाहिनीच्या अंतःस्तराची हानी व गुठळ्या होण्याची वाढती प्रवृत्ती अशी कार्यकारणाची मांडणी होऊ लागली. फोलिक आम्ल, ब-6 व ब-12 या स्वस्त जीवनसत्त्वांनी हे प्रमाण घटते, म्हणून अपेक्षाही मोठ्या होत्या. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्व्हिट व होप-2 या चाचण्यांत होमोसिस्टीन घटले. हृदयविकाराचे झटके मात्र घटले नाहीत. होप-2 मध्ये पक्षाघात काहीसे कमी झाले. पिठात फोलिक आम्ल मिसळण्याची सक्ती नसलेल्या चीनमध्ये 2015 च्या चाचणीत, रक्तदाबाच्या औषधासोबत फोलिक आम्ल दिल्यावर पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण 21 टक्क्यांनी घटले. लाभ बहुधा मुळात उणीव असणाऱ्यांनाच होतो, असे यावरून वाटते.

या संदर्भात पुण्यातील आकडे लक्षणीय आहेत. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शहर व आसपासच्या 441 मध्यमवयीन पुरुषांच्या अभ्यासात 58 टक्के व्यक्तींत होमोसिस्टीन वाढलेले, तर 67 टक्के व्यक्तींत ब-12 कमी आढळले. चीनमधील उणीव फोलिक आम्लाची होती. येथील प्रामुख्याने ब-12 ची आहे, आणि ते जीवनसत्त्व भाजीपाल्यात वा डाळींत नसते.