क्यूआर कोड (शालेय पाठ्यपुस्तकांतील)

पाठाशेजारी छापलेली काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकट. मोबाइलचा कॅमेरा तिच्यावर धरला, की त्या पाठाची चित्रफीत, ध्वनिफीत किंवा स्वाध्याय उघडतो. मुळात तिचा शाळेशी संबंध नव्हता. जपानच्या डेन्सो कंपनीतील मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी ती तयार केली. पेटंट असूनही कंपनीने त्याचा हक्क बजावला नाही. म्हणून कोणताही शिक्षक फुकट कोड बनवू शकतो. चूक-दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी निवडल्यास सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. मुलांच्या हातातल्या पुस्तकाला याहून उपयोगी गुण क्वचितच असेल.

महाराष्ट्रात हा वापर रणजितसिंह डिसले यांच्या नावाशी जोडला गेला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या (ता. माढा) जिल्हा परिषद शाळेत ते २००९ मध्ये रुजू झाले. तिथल्या मुलींची घरची भाषा कन्नड असल्याने त्यांनी ती शिकून घेतली, पाठ्यपुस्तके त्या भाषेत आणली आणि त्यांना कोड जोडले, असे २०२० च्या ‘ग्लोबल टीचर प्राइझ’च्या परिचयात म्हटले आहे. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ हा मोफत मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला. पुढे पाठ्यपुस्तकांतले कोड बहुतेक त्याच्याकडेच नेऊ लागले.

 कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, नंदगडच्या (ता. खानापूर) भागात परितेवाडीचा प्रश्न उलटा होऊन येतो. इथे मराठी माध्यमाच्या मुलांची पुस्तके मराठीत असली तरी ती कर्नाटक सरकारची असतात. महाराष्ट्राच्या ‘बालभारती’च्या पुस्तकांतले कोड त्यांत नसतात आणि पाठांचा क्रमही जुळत नाही. बालभारतीच्या पीडीएफ मात्र कोणालाही मोफत उतरवता येतात. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञान-खेळण्यांची मराठी पुस्तके आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील प्रयोगही मराठीत मिळतात. विद्युतमंडलाचा पाठ आला, की त्यातला नेमका प्रयोग निवडून त्याच्या कोडची चिठ्ठी मुलांच्या पुस्तकात चिकटवता येते. आयत्या छापील कोडपेक्षा ही चिठ्ठी सरस, कारण ती चिकटवण्याआधी शिक्षकाने साहित्य स्वतः पाहिलेले असते.

कोडमध्ये साहित्य नसते, फक्त पत्ता असतो. ते पान हलले तर चौकट निकामी होते. नेटवर्क नसेल तरी तीच गत. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील शाळांना हे नवे नाही. तिथे चित्रफीत आदल्या दिवशीच उतरवून घ्यावी लागते. ‘फेट’चे बरेचसे प्रयोग एकदा उतरवले, की इंटरनेटशिवायही चालतात.