राउखबिअर

राउखबिअर ही जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील बांबर्ग शहरात परंपरेने तयार होणारी, धुराचा स्पष्ट वास व चव असलेली बिअर होय. जर्मन भाषेत 'राउख' म्हणजे धूर. या बिअरसाठी जवाचे मोड आलेले दाणे बीच वृक्षाच्या लाकडांच्या आगीवर, त्यांना धूर थेट लागेल अशा रीतीने वाळवले जातात. धुराचा अर्क किंवा कोणतेही गंधद्रव्य वरून मिसळले जात नाही. लाकडाच्या भट्टीवर दाणे वाळवण्याची पद्धत जेथे जेथे होती, तेथील बिअरला पूर्वी असाच कमी-अधिक धूर लागत असे. त्यामुळे राउखबिअर हा बांबर्गचा शोध नाही. इतरांनी सोडून दिलेली चव या शहरातील दोन घराण्यांनी सोडली नाही, एवढेच तिचे वेगळेपण आहे.

इतिहास

बिअरचा मुख्य घटक माल्ट. जव भिजवून त्याला मोड आणतात आणि मोड ठरावीक लांबीचे झाले की दाणे वाळवून त्यांची वाढ थांबवतात. उन्हाळी, कोरड्या प्रदेशांत हे वाळवण उन्हावर भागे. उत्तर युरोपात मात्र आगीवाचून गत्यंतर नव्हते आणि आग म्हटली की धूर आलाच. तो हवा म्हणून नव्हे, तर टाळता येत नाही म्हणून बिअरमध्ये उतरत असे.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये धूर न लागू देता माल्ट वाळवण्याचे प्रयत्न सुरू झाले. सर निकोलस हॉल्स यांना १६३५ मध्ये अशा भट्टीसाठी एकाधिकारपत्र मिळाले. पुढे दगडी कोळशापासून केलेला कोक इंधन म्हणून वापरात आला आणि औद्योगिक क्रांतीनंतर तप्त हवेवर चालणाऱ्या भट्ट्या रूढ झाल्या. त्यांत माल्ट स्वच्छ, फिकट व एकसारखे निघे, लाकूड वाचे आणि रात्रभर आगीपाशी बसणारा माणूसही लागत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिकट, सोनेरी बिअर सर्वत्र लोकप्रिय झाली आणि धूर हा दोष ठरला.

एका मठाला आग लागली, साठवलेले माल्ट धुराने भरले, गरिबीमुळे ते फेकवेना म्हणून त्याचीच बिअर केली आणि ती लोकांना आवडली, अशी राउखबिअरच्या जन्माची कथा बांबर्गमध्ये सांगितली जाते. कथा गोड आहे, परंतु तिची गरज नाही. ज्या काळी बहुतेक माल्टला धूर लागतच होता, त्या काळी त्यासाठी आग लागावी लागत नव्हती.

बांबर्ग हे १८०२-०३ पर्यंत बव्हेरियाचा भाग नव्हते. तेथे राजबिशपांची स्वतंत्र सत्ता होती. बिअरमध्ये जव, हॉप्स व पाणी यांवाचून काही घालू नये, हा बव्हेरियाचा १५१६ चा नियम जगप्रसिद्ध आहे. बांबर्गच्या राजबिशपाने तशाच आशयाचा आदेश १४८९ मध्येच काढला होता आणि बांबर्गकर ते सांगण्याची संधी सहसा सोडत नाहीत.

निर्मिती

मोड आणण्यास सुमारे आठवडा लागतो. त्यानंतर ओलसर दाणे जाळीदार तळाच्या भट्टीवर पसरतात. खाली बीचचे नीट वाळलेले ओंडके जळत असतात. लाकडातील लिग्निन या घटकाचे उष्णतेने विघटन होऊन ग्वायाकॉल, सिरिंगॉल यांसारखी फिनॉल वर्गातील संयुगे धुरात येतात व दाण्यांच्या ओल्या सालीला चिकटतात. हीच संयुगे धुरावलेल्या मांसात व माशांतही असतात. त्यामुळे पहिल्या घोटाला अनेकांना डुकराच्या मांसाची आठवण होते. प्रत्यक्षात बिअरमध्ये मांसाचा अंशही नसतो. मराठी वाचकाला हा वास परका वाटू नये. चुलीत भाजलेल्या वांग्याचे भरीत, निखाऱ्यांवरचा हुरडा किंवा पेटत्या कोळशावर तूप सोडून पदार्थाला दिलेला धुंगार यांच्या जातकुळीचाच तो आहे.

पुढील कृती इतर लागर बिअरसारखीच असते: भरडलेले माल्ट गरम पाण्यात मुरवणे, निथळलेला गोड रस हॉप्ससह उकळणे, थंड करून यीस्टने आंबवणे आणि कमी तापमानात काही आठवडे मुरू देणे. धूर या सर्व पायऱ्यांतून टिकून राहतो.

दोन उत्पादक

श्लेंकर्ला हे बांबर्गच्या जुन्या भागातील, कॅथेड्रलच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेले पानगृह. त्या घराचा उल्लेख १४०५ पासून सापडतो. बिअर तयार होते ती श्टेफान्सबर्ग टेकडीवरील हेलर या कारखान्यात. एकोणिसाव्या शतकातील एक मालक हात झुलवत, काहीसा लटपटत चाले. त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. शेवटचा 'ला' हा फ्रँकोनियन बोलीतील लघुत्वदर्शक प्रत्यय आहे. मराठीतील विभक्तीशी त्याचा अर्थातच संबंध नाही. येथील मुख्य बिअर मेर्त्सेन गडद तपकिरी असून तिच्यात मद्यार्काचे प्रमाण ५.१ टक्के असते. शरद ऋतूत उरबॉक (६.५ टक्के) आणि नाताळच्या सुमारास ओकच्या धुरावर केलेली आयखे (८ टक्के) मिळते. ओकचा धूर बीचपेक्षा सौम्य व गोडसर लागतो. धुराचे माल्ट मुळीच न घालता केलेली एक फिकट बिअरही येथे होते. परंतु राउखबिअरचेच यीस्ट वापरत असल्याने तिलाही धुराची पुसट छटा येते.

श्पेत्सियाल हे दुसरे घराणे १५३६ पासूनचे. येथेही माल्ट स्वतःच्याच भट्टीत वाळवले जाते, मात्र बिअर तांबूस व धूर मंद असतो. श्लेंकर्लाची कीर्ती मोठी असली, तरी नवख्याने श्पेत्सियालपासून सुरुवात करणे अधिक शहाणपणाचे आहे.

शहरातील इतर काही उत्पादकही अधूनमधून राउखबिअर करतात, पण सहसा तयार माल्ट विकत घेऊन. असे माल्ट पुरवणारा वायरमान हा १८७९ मध्ये स्थापन झालेला कारखाना बांबर्गमध्येच आहे आणि त्याचे धुरावलेले माल्ट परदेशांतही जाते.

केलर आणि कौटुंबिक सहल

बांबर्गच्या टेकड्यांमध्ये वालुकाश्म कोरून केलेली लांबच लांब तळघरे आहेत. बिअर थंड राहावी म्हणून वरच्या जमिनीवर दाट सावलीची झाडे लावत. पुढे त्या झाडांखाली बाके मांडून तेथेच बिअर विकली जाऊ लागली. म्हणूनच तळघर खाली असूनही स्थानिक लोक 'केलरवर जातो' असेच म्हणतात. बव्हेरियाचा राजा पहिला माक्सिमिलियान याने १८१२ मध्ये म्युनिकच्या उत्पादकांना तळघरापाशी बिअर विकण्याची मुभा देताना पावाखेरीज अन्न विकण्यास मनाई केली होती. आपले खाणे आपण आणण्याच्या प्रथेचे मूळ बहुधा या आज्ञेत शोधले जाते.

फ्रँकोनियातील अनेक केलरांवर ही प्रथा आजही चालते. उन्हाळ्यातील रविवारी आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलांपर्यंत सारे कुटुंब टोपलीत पाव, चीज, मुळा व सॉसेज घेऊन येते. मुलांसाठी सफरचंदाच्या रसात सोडा घातलेले पेय घेतात आणि ती झाडांखाली खेळतात. मोठ्यांपुढे अर्ध्या लिटरचा मातीचा किंवा काचेचा पेला असतो. त्याला बोलीत 'झायडला' म्हणतात. दारूचा गुत्ता आणि कुटुंब या दोन गोष्टी परस्परविरोधी मानणाऱ्या समाजातून आलेल्या प्रवाशाला हे दृश्य प्रथम बुचकळ्यात टाकते. मात्र वाहन चालवणाऱ्याने पिऊ नये, हा विवेक तेथेही पाळावा लागतो आणि एका गावाहून दुसऱ्या गावाच्या केलरपर्यंत पायी जाण्याची चाल त्याला सोयीची ठरते.

आस्वाद

राउखबिअर तिसऱ्या झायडल्यानंतर आवडू लागते, अशी बांबर्गमध्ये म्हण आहे. विक्रेत्याला सोयीची असली तरी तिच्यात तथ्य आहे. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याला सरावते; धूर मागे सरतो आणि माल्टचा गोडवा व हॉप्सचा कडवटपणा जाणवू लागतो. त्यासाठी दीड लिटर पिण्याची आवश्यकता नाही. एकाच पेल्यातून सावकाश, मध्ये पाव खात घेतलेल्या घोटांनीही तोच अनुभव येतो. अनेक बिअर चाखायच्या असल्यास धुराची सर्वांत शेवटी घ्यावी, कारण तिच्यानंतर इतर सर्व पाणचट लागतात. फार थंड केल्यास वास दबतो.

श्लेंकर्लाच्या पानगृहात ती लाकडी पिंपातून, वायूचा दाब न देता ओततात. सोबत खिमा भरून शिजवलेला, राउखबिअरच्या रश्श्यातील कांदा हा शहराचा खास पदार्थ मिळतो.

इतरत्र

पोलंडमधील ग्रोद्झिस्क येथे ओकच्या धुरावरील गव्हाची फिकट बिअर होत असे. तेथील उत्पादन १९९३ मध्ये थांबले आणि सुमारे दोन दशकांनी पुन्हा सुरू झाले. नॉर्वेच्या स्त्यर्दाल भागात शेतकरी अजूनही आल्डरच्या धुरावर माल्ट वाळवून घरगुती बिअर करतात, तर स्वीडनच्या गॉटलंड बेटावर धुराबरोबर जुनिपरचाही स्वाद असतो. अमेरिकेत अलास्कातील जूनो येथे १९८८ पासून धुराची पोर्टर बिअर निघते. तिचे माल्ट आरंभी सामन मासे धुरावणाऱ्या शेजारच्या भट्टीत तयार केले गेले. ब्रिटिश बिअर-लेखक मायकल जॅक्सन (१९४२–२००७, याच नावाचे गायक नव्हेत) यांच्या लेखनातून बांबर्गची ओळख इंग्रजी वाचकांना झाली आणि अमेरिकेतील लहान उत्पादकांनी या चवीचे प्रयोग आरंभले. श्लेंकर्ला व श्पेत्सियाल स्वतःला 'क्राफ्ट' म्हणवून घेत नाहीत; तो शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या भट्ट्यांत लाकूड जळत आहे.