स्क्रब टायफस: आयत्या बिळावरच्या जंतूची गोष्ट

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली, तेव्हा हा नवीन आजार आहे असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात तो फार जुना आहे. जपानमधील नदीकाठचे शेतकरी त्याला पिढ्यान् पिढ्या ओळखत होते. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हजारो सैनिक त्याने आजारी पडले. त्या काळी त्यावर खात्रीचे औषध नव्हते. १९४८ मध्ये क्वालालंपूर येथे क्लोरॅम्फेनिकॉलने रुग्ण बरे झाले आणि चित्र पालटले.

ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी हा जंतू गवत-झुडपांतल्या चिगर माइट या अतिसूक्ष्म जिवाच्या चाव्यातून शरीरात येतो. तो पेशीबाहेर वाढूच शकत नाही. पेशीत शिरल्यावर त्याला केंद्रकाजवळ पोहोचायचे असते, कारण तिथेच त्याची संख्या वाढते. पण चालायला त्याच्याकडे स्वतःचे साधन नाही.

आपल्या पेशीत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात. त्यांवरून डायनिन नावाचे मोटर प्रथिन सामान केंद्रकाकडे ओढून नेते. हा जंतू त्याच गाडीत बसतो. २००१ मध्ये कोरियातील संशोधकांनी दाखवले की रूळ मोडले किंवा डायनिन अडवले, तर जंतू केंद्रकाजवळ जमा होत नाहीत. २०२३ मध्ये त्याच्या पृष्ठभागावरचे, या गाडीला जोडणारे प्रथिनही सापडले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो हाच!

हे रुग्णाने का जाणून घ्यावे? जंतू पेशीच्या आत असल्याने पेनिसिलिनसारखी नेहमीची अँटिबायोटिक्स इथे उपयोगी पडत नाहीत. डॉक्सिसायक्लिन पेशीत शिरून जंतूचे प्रथिन बनवणे थांबवते. वेळेत सुरू केल्यास ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंड, मेंदू यांवर परिणाम होऊन जीवही जाऊ शकतो.

आपल्या भंडारा जिल्ह्यात रोवणी, निंदण आणि गवत कापणी याच दिवसांत चालते. म्हणून पावसाळ्यात किंवा त्यानंतर ताप आला, तर काखेत, जांघेत, कमरेपाशी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली आहे का पाहा. ती दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. प्रत्येकाला ती दिसतेच असेही नाही. म्हणून ताप अंगावर काढू नका, आणि शेतात काम करता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. शेतातून आल्यावर आंघोळ करा, कपडे बदला.