कुडाची काठी

पोलादपूरकडच्या आमच्या जुन्या घराची मागची पडवी कुडाची होती. बोटाएवढ्या कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, आडव्या कांब्यांना बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमाती थापायची. रायगड १८१८ साली इंग्रजांकडे गेला, ते सगळे लिहितात. त्याच्या घेऱ्यातली माणसं ज्या भिंतींआड राहिली, त्यांची बखर कुणाला सुचली नाही.

या काठीचं झाड मात्र भलतं हिशेबी. सात-आठ वर्षं नुसता पाला वाढवतं आणि मग एका पावसाळ्यात अख्खा डोंगर जांभळा. बोरिवलीच्या जंगलात ती २००८ आणि २०१६ साली अशीच फुलली. एकेकटी फुलली असती, तर किड्या-उंदरांनी बी फस्त केलं असतं. सगळ्या मिळून एकदम ओततात, खाणारे दमतात, बी उरतंच. (बांबूचंही हेच गणित, १९५९च्या सुमारास मिझोरामात त्या बियांवर उंदीर माजले, मग शेतांत शिरले आणि दुष्काळ पडला.)

बी टाकायची घाईही नाही. बोंडं उन्हाळाभर वाळल्या झाडावर तशीच राहतात. पहिल्या पावसाचं पाणी लागलं की फट्! रुजायला ओल असते तेव्हाच बी जमिनीवर. आई पडवीत काठ्यांचा भारा ठेवायची. राहिलेलं बोंड शिंतोड्यानं उडालं की मांजर दचकायचं.

आता चिरा आणि सिमेंट आलं. फुलोऱ्याच्या साली रानात जायचं ते मधासाठी. कारवीचा मध दाट, काळसर.