प्रतीक्षेतील वाचक : ‘द व्हील ऑफ टाइम’ आणि अपूर्ण संहितेविषयीची मते

वाचकाच्या मताला तारीख असते, ही गोष्ट वाचकलक्ष्यी समीक्षेने तत्त्वतः मान्य केली असली तरी व्यवहारात ती फारशी पाळलेली नाही. हान्स रॉबर्ट यौसने १९६७ साली कॉन्स्टान्झ येथील व्याख्यानात वाङ्मयेतिहासाची पुनर्मांडणी वाचकाच्या ‘अपेक्षांच्या क्षितिजा’वरून करावी असे सुचविले, तेव्हा क्षितिज बदलते आणि कृती मात्र आहे तीच राहते, हे त्यात गृहीत होते. परंतु कृतीच अजून लिहिली जात आहे, ती किती खंडांत संपेल हे लेखकालाही नेमके सांगता येत नाही आणि वाचकाला मात्र प्रत्येक खंडाअखेर मत बनविणे भाग आहे, अशा स्थितीत ते मत नेमके कशाविषयीचे मानायचे? रॉबर्ट जॉर्डनच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या अद्भुत महाकादंबरीमालेच्या वाचकांचा इतिहास हा प्रश्न टाळू देत नाही. ही माला १९९० मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर सहाव्या वर्षी, दुसऱ्याच लेखकाच्या हातून पूर्ण झाली.

रॉबर्ट जॉर्डन हे जेम्स ऑलिव्हर रिग्नी (१९४८-२००७) या अमेरिकन लेखकाचे टोपणनाव. तो दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टनचा. व्हिएतनाम युद्धात लढलेला आणि पदार्थविज्ञान शिकलेला. त्याच्या मनात प्रथम असलेला कादंबरीचा आवाका पुष्कळच लहान होता. टॉर या प्रकाशनसंस्थेच्या टॉम डोहर्टीने सहा खंडांचा करार केला. प्रत्यक्षात चौदा खंड आणि एक पूर्वकथा, चाळीस लाखांहून अधिक शब्द आणि दोन हजारांवर नामधारी पात्रे एवढा तिचा विस्तार झाला. कथासूत्र थोडक्यात असे : विश्वाचे चक्र फिरविणाऱ्या शक्तीचे स्त्री आणि पुरुष असे दोन अर्धभाग आहेत. पुरुष-अर्ध दूषित झाल्यामुळे ती शक्ती वापरणारा पुरुष वेडा होतो. परिणामी या जगात शक्तीची अधिकृत सूत्रे ‘एस सेडाय’ या स्त्रियांच्या संघाकडे आहेत. याच जगात रँड नावाच्या मेंढपाळ तरुणाला आपण पुनर्जन्म घेतलेला योद्धा आहोत, जगाचा त्राता आणि संहारक दोन्ही आहोत, हे कळते. काल चक्राकार आहे, युगे येतात, जातात आणि पुन्हा येतात, ही कल्पना भारतीय वाचकाला नवी नाही. प्रत्येक खंडाचे पहिले प्रकरण वाऱ्याच्या एकाच ठरावीक वर्णनाने उघडते, ही युक्तीही त्याच कल्पनेतून आलेली आहे.

वाचकमतांचा इतिहास समजण्यासाठी प्रकाशनाच्या तारखा मात्र बारकाईने पाहाव्या लागतात. पहिला खंड जानेवारी १९९० मध्ये आला आणि दुसरा त्याच वर्षी. त्यानंतर १९९१ ते १९९४ या काळात दरवर्षी एक, म्हणजे पाच वर्षांत सहा खंड झाले. सातवा १९९६, आठवा १९९८, नववा २००० आणि दहावा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे दोन खंडांतले अंतर वाढत गेले; आणि नेमक्या याच टप्प्यावर कथानक अनेक शाखांत विभागून त्याची गती मंदावली. पहिल्या सहा खंडांच्या वेगाने ज्याचे क्षितिज घडले होते, त्या वाचकाला दोन्ही बाजूंनी वाट पाहावी लागली : पुस्तकाबाहेर आणि पुस्तकाच्या आत.

प्रतीक्षा हा वाचनाचाच घटक आहे, हे वोल्फगांग आयझरने ओळखले होते. एकोणिसाव्या शतकात क्रमशः प्रसिद्ध होणारी कादंबरी हप्त्याहप्त्याने वाचणाऱ्यांना तीच कादंबरी पुस्तकरूपात वाचण्यापेक्षा अधिक रुचत असे, याकडे त्याने लक्ष वेधले आणि त्याचे कारण दोन हप्त्यांमधल्या रिक्त जागेत शोधले. ती जागा वाचकाची कल्पनाशक्ती भरून काढते. मराठीतही हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’मधून १८९० ते १८९३ या काळात क्रमशः आली, तेव्हा पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक होताच, मराठी कादंबरीविचारात त्याच्या या वाट पाहण्याला स्थान मिळाले नाही, एवढेच. मात्र आठवड्याची प्रतीक्षा आणि तीन वर्षांची प्रतीक्षा यांत केवळ प्रमाणाचा फरक नाही. आठवड्यात वाचक पुढच्या प्रसंगाची कल्पना करतो. तीन वर्षांत तो मागचे सगळे पुन्हा वाचतो, इतर वाचकांशी वाद घालतो, पुरावे गोळा करतो; आणि नवा खंड हाती येतो तेव्हा त्याच्या मनात एक पर्यायी कादंबरी तयार झालेली असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे एक खून. पाचव्या खंडाच्या (१९९३) अखेरीस अ‍ॅस्मोडियन हे खलपक्षातले पात्र एक दार उघडते, समोरच्या व्यक्तीला ओळखते आणि मारले जाते. मारणारा कोण, हे सांगितलेले नाही. सावध वाचकाला उत्तर कळण्यासारखे आहे, असे जॉर्डन म्हणत राहिला. संगणकजालावरील चर्चागटांत या प्रश्नावर जे लिहिले गेले त्याची शिस्त एखाद्या पाठचिकित्सकाला शोभेल अशी होती : कोणते पात्र त्या वेळी कोठे होते, कोणाला दाराची माहिती असू शकत होती, कोणाच्या नंतरच्या विचारांत त्या मृत्यूचा निर्देश येतो. वाचकांनी संशयितांच्या याद्या केल्या, प्रत्येक पक्षाची प्रमाणे व खंडने संकलित केली, आणि नव्या खंडागणिक ती सुधारली. लेखकाला थेट विचारले की त्याचे ठरलेले उत्तर असे, ‘वाचा आणि शोधा’. वाचकांनी त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘राफो’ असा शब्दच बनविला. उत्तर शेवटी २०१० साली तेराव्या खंडात आले आणि तेही कथेत ठळकपणे नव्हे, तर पुस्तकाच्या शेवटच्या शब्दसूचीत, एका नोंदीच्या ओघात. सतरा वर्षे चाललेला वाद एका वाक्यात मिटला. आज ही माला सलग वाचणाऱ्यासाठी तो वाद अस्तित्वातच नाही. पाचव्या खंडातले ते दार त्याच्या दृष्टीने एक साधा रहस्यमय प्रसंग आहे. स्टॅन्ली फिशने १९८० मध्ये ज्याला अन्वयार्थ लावणारा समुदाय म्हटले, असा एक समुदाय या प्रश्नाभोवती घडला, जगला आणि उत्तर मिळताच त्याचे ते रूप नाहीसे झाले. संहितेत त्याची खूण उरलेली नाही.

वाचक नेहमी बरोबरच असत, असे मात्र नाही. सहाव्या खंडात (१९९४) मॅझ्रिम टाइम हे पात्र पुढे येताच अनेकांनी तो वेषांतर केलेला डेमांड्रेड आहे असे प्रतिपादन केले. जॉर्डनने त्याचा इन्कार केला. काहींनी त्या इन्कारावरही विश्वास ठेवला नाही, आणि वाचकांनी ओळखले म्हणून लेखकाने बेत बदलला असा तर्क लढविला. अखेरच्या खंडात दोघे वेगळेच निघाले. लेखकाचे विधान हेही वाचकांच्या लेखी एक संशयास्पद पुरावा ठरावे, ही गोष्ट लेखकाच्या हेतूविषयीच्या सैद्धान्तिक चर्चेला पूरक अशीच आहे. ती विद्यापीठाबाहेर, सिद्धान्ताचे नावही न घेता घडली.

सर्वाधिक कठोर मते दहाव्या खंडाविषयी व्यक्त झाली. आठव्या ते दहाव्या खंडांच्या टप्प्याला वाचकांनी ‘स्लॉग’, म्हणजे चिखलातून पाय ओढत चालण्यासारखी रखडपट्टी, असे नाव दिले आणि ते कायमचे चिकटले. नवव्या खंडाचा शेवट शक्तीचे पुरुष-अर्ध शुद्ध होण्याच्या विराट घटनेत होतो. दहाव्या खंडाने ती घटना ओलांडून पुढे जावे, ही अपेक्षा स्वाभाविक होती. त्याऐवजी जॉर्डन मागे गेला आणि ठिकठिकाणची पात्रे त्याच काळात काय करीत होती, हे शेकडो पृष्ठे सांगत राहिला. रँड जवळजवळ दिसतच नाही. पेरिन हा नायकाचा मित्र नवव्या खंडात (२०००) अपहृत झालेल्या पत्नीचा शोध सुरू करतो, तो अकराव्या खंडात (२००५) संपतो. कथेत हा काळ काही महिन्यांचा आहे. वाचकासाठी तो पाच वर्षांचा होता.

माला पूर्ण झाल्यानंतर आलेले वाचक या टप्प्याविषयी पुष्कळदा सौम्य बोलतात. पुढचा खंड शेजारीच असल्यामुळे रखडपट्टी काही दिवसांत सरते. यावरून आधीची मते उतावळी होती असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. २००३ मधल्या वाचकासमोर एक अपूर्ण कृती होती आणि तिच्या पूर्णतेची कोणतीही हमी नव्हती. त्याचे मत त्या कृतीविषयी होते. २०१३ नंतरच्या वाचकासमोर दुसरी कृती आहे. पहिल्याचे मत दुसऱ्याच्या मताने दुरुस्त होत नाही. मात्र दोषाचा सगळा भार कालांतरावर टाकणेही सोयीचे ठरेल. दहाव्या खंडाची समकालीन घटनांची रचना कागदावर आकर्षक असली तरी तिच्यात एकाही पात्राला त्या घटनेचा नवा अर्थ सापडत नाही. सलग वाचनातही तो खंड अशक्तच वाटतो. तो प्रयोग साधला नाही, हे पुढे खुद्द जॉर्डननेही मान्य केले.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. नायनीव्ह वेणी ओढते, स्त्रिया घागरे सारखे करतात, हातांची घडी घालतात, नाकाने फुत्कार टाकतात. या पुनरावृत्तीची वाचकांनी भरपूर थट्टा केली. इतक्या अंतराने भेटणारे पात्र ओळखू यावे यासाठी अशा ठशांचा उपयोग असतो, मौखिक महाकाव्यांतील ठरावीक विशेषणांसारखा. सलग वाचणाऱ्याला तेच ठसे जाचतात. थट्टेमागे एक गंभीर आक्षेपही होता. स्त्रियांच्या हाती सत्ता असलेले जग उभारणाऱ्या लेखकाला स्त्री आणि पुरुष यांचा परस्परांविषयीचा वैताग यापलीकडे त्यांच्यातला भेद फारसा दाखवता येत नाही, असे अनेक वाचकांना वाटले. हा आक्षेप तारखेवर अवलंबून नाही. तो १९९० च्या दशकात जितका खरा होता, तितकाच आजही आहे.

१६ सप्टेंबर २००७ रोजी, हृदयाच्या असाध्य विकाराने, जॉर्डनचे निधन झाले. बार्थने ‘लेखकाच्या मृत्यू’त वाचकाचा जन्म पाहिला होता, येथे ते रूपक अक्षरशः, आणि काहीसे क्रूरपणे, खरे झाले. ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाने संगणकजालावर श्रद्धांजली लिहिली. तो किशोरवयापासून या मालेचा वाचक होता. जॉर्डनची पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल हिने ती वाचली, त्याची कादंबरी वाचली आणि अखेरचा खंड त्याच्याकडे सोपविला. जॉर्डनने मागे ठेवलेल्या टिपणांतून आणि तयार प्रसंगांतून त्या एका खंडाचे तीन झाले (२००९, २०१०, २०१३). संहिता पूर्ण करणारा हा वाचक इतर वाचकांच्या मतांना त्यांच्यातलाच एक म्हणून सामोरा गेला. बाराव्या खंडातला मॅट हा मॅट वाटत नाही, त्याचा विनोद उसना आहे, ही तक्रार सर्वत्र झाली. सँडरसनने ती मान्य केली. वीस वर्षे मॅटचा आवाज ऐकलेल्या वाचकांना तो त्याच्या नव्या लेखकापेक्षा चांगला ठाऊक होता.

२०१४ मध्ये ह्यूगो पुरस्काराच्या नियमांचा आधार घेऊन चौदाही खंडांना मिळून ‘सर्वोत्कृष्ट कादंबरी’साठी नामांकन मिळाले : तेवीस वर्षांची माला ही २०१३ मध्ये पूर्ण झालेली एकच कृती मानली गेली. पुरस्कार मिळाला नाही. पण तिच्या वाचकांनी कृतीच्या एकत्वाविषयीचे आपले मत तांत्रिक स्वरूपात नोंदविले.

शेवटच्या खंडाचा अखेरचा प्रसंग जॉर्डनने स्वतः लिहून ठेवला होता. युद्ध संपले आहे, शक्तीशी असलेले नाते तुटलेला रँड घोड्यावर बसून निघाला आहे, आणि त्याच्या हातातली चिलीम नुसत्या विचाराने पेटते. ती कशी पेटली, याचे स्पष्टीकरण टिपणांत नव्हते, असे सँडरसनने सांगितले. वाचकांनी पुन्हा खंड उघडले, पुन्हा पुरावे मांडले. ‘वाचा आणि शोधा’ म्हणणारा आता कोणी नव्हता.